विचारा ताईंना : सरकारी खर्चाने दिलजमाई होते का?

गेल्या अंकात विनिपेगमधल्या ३० सप्टेंबरच्या कार्यक्रमाबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. कॅनडात हा 'सत्य आणि सलोखा दिन'. इथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने आणि चर्चने घरातून उचलून ज्या निवासी शाळांत ठेवली, त्यांच्या आठवणीचा दिवस. पेन्शन आणि करांवरच्या माझ्या दहा सदरांना मिळून आली नसतील इतकी पत्रं त्या दोन परिच्छेदांवर आली. निम्मी रागाची. तेव्हा पेन्शनवाल्यांनी या वेळी दम धरावा.

नव्या वाचकांसाठी सांगते: मी १९९३ पासून विनिपेगला आहे आणि जन्मभर हिशेब तपासून निवृत्त झालेय. इतिहासाची अभ्यासक नाही. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी बिलावर जाते. ती खोड सांभाळून घ्या.

ताई, ३० सप्टेंबरला बँक बंद, टपाल बंद. धाकट्याची शाळा मात्र चालू, आणि माझ्या गोदामात नेहमीसारखी पाळी. ही राष्ट्रीय सुट्टी आहे की नाही? — एक वाचक, ब्रॅम्प्टन

आहे, पण तुम्हाला नाही. फेडरल कायद्याखाली येणाऱ्या नोकऱ्यांना ती भरपगारी मिळते: बँका, टपाल, विमान कंपन्या, टेलिफोनवाले, सरकारी खाती. बाकीच्यांचं काय करायचं हे प्रांत ठरवतो, आणि ऑन्टारिओने ती दिलेली नाही. आमच्या मॅनिटोबाने आणि ब्रिटिश कोलंबियाने २०२३ मध्ये दिली. म्हणजे तुमच्या मॅनेजरने तुम्हाला फसवलेलं नाही.

ही सुट्टी मिळाली कशी तेही ऐका. निवासी शाळांत काय घडलं ते तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या, त्यातली ही ८० वी. विधेयक संसदेत आलं, रेंगाळलं, पुन्हा आलं. मग २७ मे २०२१ ला बातमी आली की कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने जमीन तपासली तेव्हा सुमारे २१५ मुलांच्या बेनाव कबरी असाव्यात अशा खुणा दिसल्या. ३ जूनला कायद्यावर सही झाली. अवघ्या आठवड्यात. सरकारी कागद इतक्या वेगाने धावताना मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

माफी मागून झाली, नुकसानभरपाई देऊन झाली. आता दरवर्षी तंबू, ढोल आणि फुकट सूप यांना अनुदान कशाला? हा माझ्या कराचा पैसा आहे. ही जत्रा झाली, सलोखा नव्हे. — एक संतापलेला करदाता, मिसिसागा

'संतापलेला' हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, मी जोडलेलं नाही.

भाऊ, तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे की सरकारने हे मन मोठं करून दिलं. तसं नाही. या शाळांमधून सुमारे दीड लाख मुलं गेली. शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकात, म्हणजे मी इथे येऊन स्नो-बूट घालायला शिकत होते तेव्हा. त्यांतून बाहेर पडलेल्या हजारो लोकांनी सरकारवर आणि चर्चवर दावे लावले. खटले इतके साचले की तडजोड करावी लागली, आणि ती सप्टेंबर २००७ मध्ये अमलात आली. शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे १० हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार. मारहाण आणि लैंगिक अत्याचारांचे दावे वेगळे. त्याच तडजोडीत आयोगासाठी ६ कोटी डॉलर आणि स्मरणाच्या उपक्रमांसाठी २ कोटी लिहिलेले आहेत. पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली ती त्यानंतर, ११ जून २००८ ला. म्हणजे चारचौघांत ऐकून घेणं, खुणा उभारणं हे आधी करारात होतं, माफी नंतर आली. करारातल्या हप्त्याला खैरात म्हणायचं नाही, एवढं तर आपण मान्य करू.

भरपाई 'देऊन झाली' म्हणता, त्यातलीही मेख सांगते. तुम्ही किती वर्षं शाळेत होता हे सरकार आपल्याकडच्या कागदांवरून ताडून बघायचं. हजेरीपत्रकं कोणाकडे? सरकारकडे आणि चर्चकडे. त्यांतली बरीच गहाळ. मग आठ वर्षं राहिलेल्या माणसाला पाचच वर्षं मान्य झाल्याचं पत्र येई आणि उरलेल्या तीन वर्षांसाठी साठीतल्या माणसाने पुन्हा अर्ज करायचा. माझ्या जुन्या खात्यात असा हिशेब कोणी पुढे केला असता, तर मी तो लाल शाईने परत पाठवला असता.

आता तुमच्या तंबूकडे येऊ. आयोगाचा पहिला राष्ट्रीय मेळावा जून २०१० मध्ये विनिपेगलाच, फोर्क्सला झाला. तिथे दोन नद्या मिळतात. मी गेले ती जेवणाच्या सुट्टीत, उत्सुकता म्हणून. एका तंबूत खुर्च्या गोल मांडलेल्या. साठी उलटलेला एक माणूस बोलत होता आणि बोलताना आपले मनगट चोळत होता, सारखं तेच मनगट. मधे मधे क्री भाषेत जात होता. खुर्च्यांच्या कडेने मदतनीस फिरत होते, हातात टिश्यूचा डबा आणि कागदी पिशवी. मी डोळे पुसले आणि टिश्यू पर्समध्ये टाकायला गेले, तर एका मुलीने हळूच पिशवी पुढे केली. मला वाटलं, स्वच्छता. ती म्हणाली, "नाही, हे होमात जाणार." बाहेर चार दिवस पवित्र अग्नी तेवत ठेवला होता आणि डोळे पुसलेले ते सगळे कागद त्यात अर्पण होत होते. जेवणाची सुट्टी संपून दोन तास झाले तेव्हा मी ऑफिसात परतले. नंतरच्या काही मेळाव्यांत वाढदिवसही साजरे झाले. लहानपणी शाळेत ज्यांचा वाढदिवस कोणी केला नाही अशा शेकडो म्हाताऱ्यांचा एकत्र, केक कापून. तो केक खर्चाच्या कोणत्या रकान्यात बसवायचा, तुम्हीच सांगा.

स्मरणाच्या पैशातून काय उभं राहिलं याचंही एक उदाहरण देते. कॅरी न्यूमन या कलाकाराने देशभरच्या निवासी शाळा, चर्च आणि सरकारी इमारतींमधून आठशेहून अधिक वस्तू गोळा केल्या आणि देवदाराच्या फळ्यांत बसवल्या. मधोमध एक दार. एका चौकटीत लहान मुलाचा चामडी बूट, युकॉनमधल्या कारक्रॉसच्या शाळेजवळ सापडलेला. याचं नाव 'विटनेस ब्लँकेट', म्हणजे साक्षीची गोधडी म्हणू. आमच्या मानवाधिकार संग्रहालयाने ती सांभाळायला घेतली आहे. त्या बुटासमोर उभं राहून 'जत्रा' हा शब्द उच्चारून बघा.

तरीही तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. हे मी अनुभवाने सांगते, आणि त्यात चूक माझीच आहे.

आमच्या वस्तीतल्या समाजकेंद्राने काही वर्षांपूर्वी या दिवसासाठी एका सरकारी योजनेतून छोटं अनुदान मिळवलं. समितीत आम्ही सात जण. हिशेब माझ्याकडे. आम्ही वेळापत्रक आखलं: १० वाजता स्वागत, १०.२० ला 'ही भूमी कोणाची' हे निवेदन, १०.३० ला एल्डरची, म्हणजे मूळ रहिवाशांमधल्या मानाच्या ज्येष्ठ व्यक्तीची, प्रार्थना, ५ मिनिटं. हॉल ठरवला, शर्ट छापायला टाकले, आणि मग अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजातल्या एका आजींना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाच मिनिटं कोणी ठरवली?" मी म्हटलं, समितीने. "समितीत आमचं कोण आहे?" मी गप्प. त्या म्हणाल्या की त्या दिवशी त्या आपल्या नातवंडांबरोबर असतील, आणि अगदी प्रेमाने फोन ठेवला.

कार्यक्रम झाला. निवेदन मी वाचलं आणि 'अनिशिनाबे' म्हणताना अडखळले. चाळीसेक माणसं होती, त्यातली निम्मी फोनमध्ये. नंतर सरकारला अहवाल पाठवायचा होता. मी लिहिलं, 'कार्यक्रम यशस्वी झाला.' खर्च शेवटच्या सेंटपर्यंत जुळला होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही फेब्रुवारीतच त्यांच्याकडे गेलो, हातात कागद न घेता. त्यांना मंच नको होता, माईक नको होता. खुर्च्या गोल, मुलं पुढे जमिनीवर, सूप आणि बॅनक म्हणजे त्यांची जाडसर रोटी. आणि उत्तरेकडच्या एका वस्तीतून त्यांच्या दोन शाळासोबत्यांना आणायचं. तिकडे बारमाही रस्ता नाही, विमानच लागतं. बिलातली सगळ्यात मोठी ओळ ती दोन तिकिटं होती. शर्टांवर आम्ही एक डॉलर खर्च केला नाही. तिघी मैत्रिणी कोपऱ्यात बसून अडीच तास आपल्या भाषेत बोलल्या, मधे मधे खूप हसल्या. आम्हाला त्यातलं चार आणेसुद्धा कळलं नाही. या वेळी अहवालात काय लिहावं ते मात्र सुचेना.

आमच्या घराजवळच्या रस्त्याचं नाव बदललं. पार्सलवाले जुनं नाव विचारतात, नवं मला उच्चारता येत नाही. नावं बदलून कोणाचं पोट भरतं? — एक वाचक, विनिपेग

तुमचा-माझा रस्ता एकच दिसतो. उच्चार सोपा आहे: अबिनोजी मीकना. मुलांची वाट. आपल्या जिभेला तो बिशप ग्रँडिनपेक्षा सोपा जायला हवा. बिशप ग्रँडिन हे एकोणिसाव्या शतकातले धर्मगुरू, मुलांना आईबापांपासून तोडून शाळेत घालावं म्हणून आग्रह धरणारे. महापालिकेने मार्च २०२३ मध्ये नाव बदलायचा ठराव केला. पार्सलवाले शिकतील.

पोटाबद्दल म्हणाल तर तुमचं बरोबर. पाटीने पोट भरत नाही. पण विनिपेगकरांनी पोटाआधी तहानेचं बोलावं.

आपल्या नळाला पाणी येतं ते ऑन्टारिओच्या सीमेवरच्या शोल लेकमधून. दीडशे किलोमीटरहून लांब जलवाहिनी, १९१९ मध्ये पूर्ण झाली. पाणी बहुतेक उतारानेच येतं. शाळेच्या सहलीत पोरांना याचं कौतुक सांगतात, माझ्या मुलीनेही घरी येऊन मला सांगितलं होतं. काय सांगत नाहीत ते असं: या कामासाठी तिथल्या फर्स्ट नेशनची, म्हणजे शोल लेक ४० या मूळ रहिवाशांच्या समुदायाची, जमीन घेतली. दलदलीचं गढूळ पाणी शहराच्या नळात येऊ नये म्हणून बांध आणि कालवा काढून ते वस्तीच्या बाजूला वळवलं. त्या कालव्याने वस्ती मुख्य भूमीपासून तुटली. चक्क बेट झालं. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून वाट, आणि बर्फ कच्चं असताना जीव मुठीत. काही जण बुडाले.

१९९७ मध्ये त्या वस्तीला सूचना मिळाली: पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. त्याच वर्षी माझी मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ, तिचं दूध, तिच्या आजारपणातला काढा, सगळं त्याच तळ्याच्या पाण्यात. ती शाळेत गेली, पदवीधर झाली, नोकरीला लागली. तिकडची सूचना उठली सप्टेंबर २०२१ मध्ये. चोवीस वर्षं तिथली माणसं बाटलीबंद पाणी वाहून नेत होती, आणि त्यांच्या तळ्याचं पाणी मी इथे कुंड्यांना घालत होते.

एवढा उशीर का? कारण वाचून कपाळाला हात लावाल. शुद्धीकरण केंद्र बांधायचं तर यंत्रं आणि सिमेंट न्यायला हवं. रस्ता नाही, म्हणून ते नेणं महाग. महाग, म्हणून केंद्र नाही. आणि रस्ता का नाही, तर आपल्या पाण्यासाठी काढलेला कालवा मधे. २०१४ मध्ये विनिपेगला मानवाधिकारांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं तेव्हा शोल लेकच्या लोकांनी आपल्या वस्तीलाच 'मानवाधिकार उल्लंघनाचं संग्रहालय' असं नाव देऊन पाहुण्यांना फिरवायला सुरुवात केली. याला म्हणतात टोमणा. शेवटी फेडरल सरकार, प्रांत आणि महापालिका यांनी मिळून २४ किलोमीटरचा रस्ता बांधला, जून २०१९ मध्ये तो खुला झाला. त्याचं नाव फ्रीडम रोड. रस्ता झाला आणि दोन वर्षांत केंद्रही झालं.

तेव्हा मला विचाराल तर सरकारने पैसा घालावा असा सलोखा हा. आणि पाटीही बदलावी. एक झालं म्हणून दुसरं टाळायचं, असा सौदा कोणी केलेला नाही.

आम्ही २०१७ मध्ये आलो. मूळ रहिवाशांवर अन्याय केला तो गोऱ्यांनी. मग 'आपण सगळे' वगैरे निवेदनात आम्हाला का ओढता? आपण तर स्वतःच गोऱ्यांच्या राज्यातून निघालेले. — एक दांपत्य, कॅलगरी

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता. मीही तो पंधरा वर्षं मनात बाळगला होता, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवणार नाही.

पण जमीन विकत घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का हे आपण बघतोच ना? कर्ज आपण काढलेलं नसतं, तरी जमिनीबरोबर ते येतं. कॅलगरी उभी आहे ती मूळ रहिवाशांशी झालेल्या सातव्या तहाच्या भूमीवर, १८७७ च्या. विनिपेग पहिल्या तहाच्या, ३ ऑगस्ट १८७१ च्या. त्या तहांमुळेच सरकारला ही जमीन वसवायला मिळाली, आणि म्हणून तुम्हाला तिथे तळघरासकट घर मिळालं. तह दोन बाजूंचा असतो. एक बाजू त्यांची, दुसरी कॅनडाची, आणि तुम्ही कॅनडाचे झालात.

झालात ना? मग शपथ आठवा. जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत एक वाक्य आहे की राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे हक्क आणि तहांतले हक्क मान्य करते, आणि ती घटना पाळण्याची आपण शपथ घेतो. हीही आयोगाचीच मागणी, शेवटची, ९४ वी. म्हणजे सरकारने या सलोख्यात नवागतांना मुद्दाम धरलंय, आणि त्याला एक पैसा खर्च आला नाही. बहुतेक जण ते वाक्य फोटोच्या गडबडीत पुटपुटतात.

तह म्हणजे जुनापुराणा कागद असंही समजू नका. पहिल्या तहात दरवर्षी प्रत्येक माणसाला ३ डॉलर ठरले होते, १८७५ मध्ये ते ५ झाले. ते आजही ५ च आहेत. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी सरकारी माणूस टेबल मांडून बसतो, शेजारी लाल कोटातला पोलीस, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पाच डॉलरची नोट ठेवतात. माझी एक जुनी सहकारी त्या रांगेत उभी राहते. पार्किंगलाच तिचे त्याहून जास्त जातात. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "मी नाही गेले तर ते म्हणतील तह संपला." तिच्या कपाटात कोऱ्या नोटांचा गठ्ठा आहे. ती त्या खर्च करत नाही.

आणि कधी कधी हिशेब उलटतोही. ऑन्टारिओतल्या ह्युरॉन तळ्याकाठच्या रॉबिन्सन तहात, १८५० च्या, लिहिलं होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं की रक्कम वाढवू. खाणी चालल्या, जंगलं तुटली. रक्कम १८७५ पासून ४ डॉलरवर गोठली. लोक कोर्टात गेले, आणि २०२३ मध्ये फेडरल सरकार आणि प्रांताने निम्मे निम्मे मिळून १००० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. जुनं येणं इतकी वर्षं दाबून ठेवलं की असा फुगतो आकडा.

ताई, 'रिकन्सिलिएशन'ला नेमका मराठी शब्द कोणता? आणि या लोकांना आदिवासी म्हणावं का? — एक शिक्षिका, एडमंटन

शब्दाने मलाही छळलंय. 'समेट' म्हटलं की भांडण दोघांचं होतं असा वास येतो. 'दिलजमाई' गोड आहे, पण दिलं आधी कधी जमली होती? 'मनोमिलन' वर्तमानपत्रांनी पुढाऱ्यांच्या गटांसाठी वापरून इतकं झिजवलंय की ते वाचताच कोणाचं तिकीट कापलं असेल असा विचार येतो. मी 'सलोखा' वापरते, कारण त्यात रोज वागायचं असतं, एकदा हार घालून संपत नाही. मथळ्यात दिलजमाई घातलीय ती संपादकांच्या आग्रहाने.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'मूळ रहिवासी' म्हणा, आणि शक्य तिथे लोकांचं स्वतःचं नाव घ्या, क्री, डकोटा, ब्लॅकफूट, मेटी. 'इंडियन' हा शब्द लोक आता टाळतात, पण कायद्याचं नाव अजून 'इंडियन ॲक्ट'च आहे. त्या कायद्याखाली नोंद असलेल्यांना 'स्टेटस इंडियन' म्हणतात. मी इथे आले त्या वर्षी एका काउंटरवर बाईंनी मला विचारलं, "स्टेटस इंडियन का?" मी ताठ मानेने म्हटलं, "हो, इंडियन." त्यांनी कार्ड मागितलं. मी पासपोर्ट काढून दिला. मागे रांगेत एक क्री आजोबा होते, ते इतके हसले की त्यांना काठीवर रेलावं लागलं.

सरकार खरंच गंभीर आहे, की नुसते झेंडे आणि दिवे? — एक विद्यार्थी, सस्काटून

दोन्ही आहे, बाळा, आणि एकाच वेळी. ३० सप्टेंबर २०२१, हा दिवस पहिल्यांदा पाळला गेला तेव्हा पंतप्रधान ट्रूडो यांना कॅमलूप्सचं आमंत्रण होतं. ते गेले टोफिनोला, समुद्रकिनारी, कुटुंबाबरोबर. नंतर माफी मागितली आणि ऑक्टोबरमध्ये कॅमलूप्सला गेले. आयोगाने सरकारच्या कामावर नजर ठेवायला एक राष्ट्रीय परिषद मागितली होती. तिचा कायदा व्हायला एप्रिल २०२४ उजाडलं, नऊ वर्षं. रोषणाई मात्र कधी चुकत नाही.

पण मी आमच्या गावचं एक सांगते. दोन फर्स्ट नेशन महिलांचा खून झाला आणि त्यांचे मृतदेह विनिपेगबाहेरच्या कचराभूमीत असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. शोधायला नकार मिळाला. धोका आहे, खर्च फार आहे. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी 'खोदणार नाही' याच्याच जाहिराती केल्या. खून झालेल्या त्या दोघींच्या लेकीबाळी धरण्याला बसून राहिल्या. निवडणुकीत वॉब किन्यू निवडून आले, प्रांताचे पंतप्रधान झालेले पहिले फर्स्ट नेशन नेते, ज्यांचे वडील स्वतः निवासी शाळेतून आलेले. मार्च २०२४ मध्ये प्रांताने आणि फेडरल सरकारने प्रत्येकी २ कोटी डॉलर जाहीर केले. खोदकाम झालं. मार्च २०२५ पर्यंत दोघींचे अवशेष मिळाले, ओळख पटली.

ज्या खर्चाला अशक्य म्हटलं होतं तो झाला, आणि प्रांत काही बुडाला नाही. त्यामुळे 'पैसे नाहीत' असं कोणी म्हटलं की मी आता विचारते, कशासाठी नाहीत?

आमच्या महाराष्ट्र मंडळाला पुढच्या वर्षी या दिवशी एका एल्डरना बोलवायचं आहे. पद्धत काय? मानधन किती, पावती कशी घ्यायची? — मंडळाच्या चिटणीस, सरी

उशीर करू नका, सप्टेंबरमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वसंतातच जा, शक्यतो ओळखीतून, आणि कार्यक्रम ठरवायच्या आधी जा. इकडे प्रेअरीत, म्हणजे मैदानी प्रांतांत, आमंत्रण देतानाच तंबाखू देतात, कापडात बांधून. तुमच्याकडे किनाऱ्यावर रीत वेगळी, तेव्हा आधी तिथल्याच फर्स्ट नेशनच्या कार्यालयात विचारा. रक्कमही तिथेच विचारा, लाजू नका. पाहुण्या वक्त्याला जे देता त्यापेक्षा कमी देऊ नका. ने-आण तुमच्या गाडीने, सोबत येणाऱ्या नातवाचं जेवण धरून. रक्कम पाकिटात, त्याच दिवशी, हातात. चेक तीन आठवड्यांनी पाठवतो म्हणू नका.

पावतीचं म्हणाल तर, अनुदानाच्या हिशेबाला ती लागते हे खरं. पण ती चिटणिसांनी स्वतः लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि हे चालेल ना ते अनुदान देणाऱ्यांना आधीच विचारून ठेवावं. आजी सूप पीत असताना त्यांच्यापुढे पेन धरू नये. मी धरलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली, चष्मा शोधला, सही केली आणि मला म्हणाल्या, "तहावर सही करताना आमच्या पणजोबांना निदान आधी जेवायला घातलं होतं."